पुढच्या चाकांचे ब्रेक

फुलेवाडी, कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव राजवीर,

ताईचा आशीर्वाद. तू रागात आहेस म्हणून त्यात काटछाट केलेली नाही, पुरा घे.

इकडं आम्ही बरे आहोत. पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. तुझ्या दाजींना कारखान्यात दिवाळीआधीची कामं लागलीत, घरात पाय ठरत नाही. माझी गणवेशाची शिलाई थंडावली, शाळांना आता सुट्ट्या लागतील. आण्णांचे गुडघे होते तसेच आहेत. संयूचे टाके काढले का? हनवटीवर वण राहील का, ते डॉक्टरांना नीट विचार. पोरगी रोज आरशात बघणार आणि रोज तिला दसरा आठवणार, असं नको व्हायला.

दसऱ्यापासून तू माझा फोन उचलला नाहीस. पूर्णिमा उचलते, "कामात आहेत" म्हणते आणि बिचारी तीच अवघडते. तुझी बायको चांगली आहे, तिला खोटं बोलायला लावू नकोस. मेसेज टाकला तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं चिडीचूप. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्रावर खुणा उमटत नाहीत, त्यामुळं तू वाचलंस का नाही म्हणून मला दहा वेळा मोबाईल बघायला नको.

भाऊबीज तोंडावर आलीय. तू येणार का नाहीस, एवढंच मला विचारायचं आहे. पण ते विचारायचं तर आधी गाडीच्या ब्रेकचं बोलायला पाहिजे, आणि तिथंच माझं घोडं अडतंय.

गाडी तुझी, हे मी कधी विसरले नाही. तू पुण्यात फ्लॅट घेतलास, तिथं एकाच गाडीला जागा, म्हणून ही जुनी आमच्याकडं ठेवलीस. आण्णांना दवाखान्याला आणि मला गणवेशाचे गठ्ठे घेऊन गगनबावड्याकडच्या शाळांना. पावसात, लादलेली गाडी घाटानं चढते-उतरते, तर ब्रेक झिजणारच की. गणपती झाले आणि पुढच्या चाकांतनं किर्रर्र आवाज यायला लागला. तुला फोन केला तर मिटिंगमधनं म्हणालास, "ताई, ओरिजिनल घे, काटकसर करू नको." नीट ऐकलं होतं मी ते.

उद्यमनगरात सोमशेखरचं दुकान आहे, पुढं सुटे भाग, मागं गॅरेज. माणूस गडहिंग्लजकडचा, निम्मं कन्नड, निम्मं मराठी, मला अक्का म्हणतो. त्यानं चाक काढून दाखवलं. पॅड पार संपलेले आणि त्यांच्या मागच्या पत्र्यानं डिस्क खरवडून काढलेली. बोट फिरवलं तर रेघा नखाला लागत होत्या. तुझे दाजी बरोबर होते. त्यांचं म्हणणं, "डिस्क बदलायची कशाला? आमच्या लेथवर मारून आणतो, आरशागत करतो." सोमशेखर म्हणाला, "मारा की सायेब. पर मग डिस्क म्हणून उरंल काय?" डिस्क कमीत कमी किती जाड असावी ते तिच्यावरच कोरलेलं असतं. त्यानं मापून दाखवली, आधीच काठावर आली होती. दाजींनी माप बघितलं, तरी दुकानात असेपर्यंत लेथचीच बाजू घेत होते.

मग पॅड. तुला वाटतं, मी दिसेल तो हलका बॉक्स उचलला आणि घरी आले. अरे बाबा, लग्नाचा शालू घेताना घातला नव्हता एवढा वेळ मी त्या दुकानात घातला. दाजी वैतागून निघून गेले. एक पॅड कडक, पुष्कळ टिकतो, पण किंचाळतो आणि डिस्क खातो. एक मऊ, पकड छान, पण लवकर झिजतो आणि चाक काळंकुट्ट करतो. आणखी एक भारीतला, आवाज नाही, धूळ नाही, तो हायवेच्या गाड्यांना बरा म्हणे. मी कापडातली बाई, मला अंगावर घालायचं काय आणि दाखवायचं काय ते कळतं. मी विचारलं, "घाट उतरताना तापल्यावर पकड सोडत न्हाय आसा कुठला?" तेव्हा त्यानं आतनं गाडीच्या कंपनीचेच पॅड काढले, डिस्कही त्याच कंपनीच्या, आणि दोन्ही चाकांना जोडीनं, कारण एकच बाजू बदलली तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं ओढते. पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारायचा नाही, पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसू द्यायचे, हेसुद्धा मी पाळलं. सांग आता, ह्यात काटकसर कुठं आली?

त्या दिवशी आण्णा पण आले होते, स्टुलावर बसून सगळं बघत होते. नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून कंपनीनं तेलाचा पातळ हात दिलेला असतो. सोमशेखरनं बसवायच्या आधी फवारा मारून ती पुसून कोरडी ठक्क केली. आण्णांना ते बिलकूल पटलं नाही. "कंपनीनं तेल लावून दिलंय, आन ह्यो गडी पुसून टाकतोय. लोखंडाची काय माया म्हणून न्हाय ह्या लोकास्नी." सोमशेखर मोबाईलवर कुणाशी तरी कन्नडमधनं भांडत होता, त्याच्या कानावर हे पडलंच नाही. मी हसले आणि विसरून गेले.

आता दसरा. आपण सगळे गावी, नेसरीला, सोनं द्यायला निघालो. तू चालवत होतास, शेजारी आण्णा, त्यांच्या मांडीवर संयू, मागं पूर्णिमा आणि मी. दाजींना मी घरीच थांबवलं होतं, पाहुणे येतील म्हणून. गल्लीचा उतार लागला, तू ब्रेक दाबलास आणि गाडी थांबेना. तुझं मानगूट ताठ झालेलं मला मागनं दिसलं. मागच्या चाकांचे ब्रेक जरा तरी धरत होते आणि तू हँडब्रेक ओढलास, म्हणून आपण मेन रोडवर एसटीखाली गेलो नाही. कोपऱ्यावरच्या विठाबाईच्या झेंडूच्या ढिगात शिरलो आणि विजेच्या डांबाच्या कट्ट्याला धडकलो. विठाबाई उडी मारून बाजूला झाली, आणि मग तिनं जे तोंड सोडलं, "पावणं, गाडी चालवताय का कुळव?" दुसऱ्या कुठल्या दिवशी असती तर आपण दोघं पोट धरून हसलो असतो.

संयूची हनवट फुटली होती. तू तिला उचललंस, तुझा नवा शर्ट रक्तानं भरला, आणि अख्ख्या गल्लीदेखत तू मला म्हणालास, "ताई, शेवटी स्वस्तातलंच घातलंस न्हवं? चार पैसे वाचवायला माझ्या पोरीचा जीव घेणार होतीस." मलाही वाटलं, सोमशेखरनं फसवलं असेल. बापाला पोरीचं रक्त बघवत नाही, हे मला समजतं रे. पण "माझ्या पोरीचा" म्हणालास ते लागलं. ती माझी कुणीच नाही का? बसनं आला होतात तसेच संध्याकाळच्या बसनं तुम्ही परत गेलात, आणि जाताना तू मला सोनंसुद्धा दिलं नाहीस.

काल एवढं लिहून पत्र ठेवून दिलं होतं. आज पुरं करायचं ठरवून बसले आहे. मध्येच एक फाटलेली उशी शिवून काढली, चहा केला, परत बसले.

दुसऱ्या दिवशी सोमशेखर स्वतः आला. हँडब्रेकवर, मुंगीच्या पावलानं गाडी गॅरेजला घेऊन गेला, मी मागनं स्कूटीवर. चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "अक्का, भज्यांचा वास येतोय की." चाक काढलं. पॅड चांगले होते, राजवीर. डिस्कही चांगल्या होत्या आणि त्यानं बसवलंही बरोबर होतं. दोन्ही डिस्कना आतनं-बाहेरनं शेंगतेल लावलेलं होतं, अगदी मन लावून.

मला तिथंच कळलं, आणि तुलाही आता कळलं असेल.

आईच्या माघारी आण्णांनी नेसरीची जमीन चुलत्यांना वाट्यानं दिली. नांगर, कुळव, विळे, कुऱ्हाडी सगळं तिकडंच राहिलं. जन्मभर ह्या माणसानं खंडेनवमीला घरातलं लोखंड धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन पुजलंय. कोंबडीच्या पिसानं तेल कसं लावायचे ते तुला आठवत असेल, पात्याच्या धारेला बोट लागू न देता. आता फुलेवाडीत त्यांच्याजवळ लोखंड म्हणजे तुझी गाडी. आदल्या दिवशी त्यांनी ती धुतली, रात्री पाऊस झाला आणि खंडेनवमीला सकाळी नव्या डिस्कवर तांबूस गंज दिसला. तो दिसतोच, दोनदा ब्रेक दाबला की जातो. पण आण्णांना हे कुणी सांगितलं होतं? त्यांच्या डोक्यात एकच, त्या गड्यानं तेल पुसलं म्हणून पोरांची गाडी गंजायला लागली.

मी देवघर पुसत होते, खिडकीतनं ते दिसत होते. एवढे गुडघे दुखतात, तरी चाकापाशी पोतं टाकून बसले होते. हातात वाटी होती, मला वाटलं हळद-कुंकू लावतायत. आई गेल्यापासून पहिल्यांदा सणाला त्यांना असं रमलेलं बघितलं आणि मला बरं वाटलं, खरं सांगते. गॅरेजमधनं घरी आले आणि शेडमध्ये जाऊन बघितलं, तर पोत्याखाली वाटी आणि पीस होतं. वाटी घासून टाकली, पीस चुलीत घातलं.

तुला लगेच सांगणार होते. फोन लावला, तू उचलला नाहीस आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. मागं एकदा गॅस चालू राहिला तेव्हा तू म्हणाला होतास, "आण्णांना आता कशाला हात लावू देऊ नको." हे कळलं असतं तर तू त्याच पावली आला असतास, गाडी घेऊन गेला असतास आणि आण्णांना डॉक्टरकडं नेऊन डोकं तपासलं असतंस. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे रे. ह्यात ते काही विसरले नाहीत. उलट सगळं आठवणीनं केलं, म्हणून तर हे झालं. आणि त्यांना कळलं तर त्यांचं काय होईल, ह्याची मला धास्ती आहे. संयू त्यांच्या मांडीवर होती.

मग परत पॅड घेणं आलं. डिस्क धुऊन चालतात, पण पॅड तेल पितात, ते टाकूनच द्यावे लागतात. मी एकटीच जाणार होते. आण्णा चप्पल घालून दारात उभे. "ह्या टायमाला मी बघून घेतो. तुला बाईमाणूस बघून फशीवलंय त्यानं."

दुकानात शिरता शिरताच त्यांनी सुरुवात केली. "काय रं ए, माझ्या पोरीला डुप्लिकेट माल दिलास व्हय? माझी नात मेली आसती! माझ्या पोराचं आन पोरीचं तोंड बंद झालंय तुझ्यापायी!" चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळी आमच्याकडं वळली. सोमशेखरनं तोंड उघडलं आणि आण्णांच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघितलं. मी नुसते हात जोडले. धंद्याचा माणूस, गिऱ्हाइकांसमोर त्याचं नाव जात होतं. तरी खाली मान घालून म्हणाला, "चुकलं आण्णा. माल खराब निघाला." आण्णांनी त्याला वर आणखी चार शिव्या हासडल्या, त्यानं त्याही ऐकून घेतल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

ह्या वेळी आण्णांनी पॅड स्वतः हातात घेऊन पारखले. नखानं खरवडून बघितले, वास घेतला, बॉक्सवरचं सगळं मला वाचायला लावलं. शेवटी निवडले तेच, मी पहिल्यांदा घेतले होते ते. म्हणाले, "हे बरं हायत, जड हायत." मी म्हटलं, व्हय, हेच बरे.

गाडी सोडताना सोमशेखर आण्णांना अदबीनं म्हणाला, "आण्णा, येक ध्यानात ठेवा. ह्या डिस्कला गंज दिसला तर दिसू द्यायचा. तेलाचं बोट जरी लागलं तर गाडी थांबत न्हाय." बरोबरच होतं त्याचं. उद्या परत तेच झालं तर? आण्णांनी गाडीची काच पुसायला फडकं घेतलं होतं ते खाली ठेवलं. मी दार उघडलं तर म्हणाले, "तू जा म्होरं, मी रिक्षानं येतो." ओरडून दमले असतील, असं मी धरलं.

तेव्हापासून ते गाडी धूत नाहीत. शेडकडं फिरकत नाहीत. परवा म्हटलं, आण्णा, गाडी मळलीय की, तर म्हणाले, "पाऊस हाय, ऱ्हाऊ दे." जेवणही कमी झालंय. हवा बदललीय, त्यानं असेल. त्यांना काही कळलेलं नाही, असंच मी धरून चाललेय, आणि तूही तसंच धर.

तर राजवीर, आता माझं मागणं ऐक. भाऊबीजेला ये. गाडी आता ठणठणीत आहे, मी मुद्दाम सगळ्यांना घरी ठेवून, एकटीनंच उतारावर थांबवून बघितली. आण्णांना एका अक्षरानं काही विचारू नकोस. त्यांच्यासमोर पॅडचा विषय निघाला तर म्हण, ताईनं स्वस्तातले घेतले होते, म्हणून झालं. दोन शब्द मला बोल हवं तर, मी मान खाली घालून ऐकेन, मला आता त्याचं काही वाटणार नाही. तुला एकट्याला खरं माहीत असलं की मला पुरे. बहिणीवर खोटा आळ ठेवायचा म्हणून तुला जड जाईल, मला माहीत आहे. पण त्यांच्यापेक्षा मला ते ओझं पेलतं.

पूर्णिमाला माझी आठवण सांग. संयूच्या हनवटीला माझा मुका.

~~स्वस्तातले पॅड घेणारी,~~
~~तुझी ताई~~

राजवीर,

ताई बाजारला गेलीया. पत्र शिलाई मशिनीवर उघडंच हुतं, तुझं नाव बघितलं आन वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू न्हाय, पर वाचलं.

तेल मी लावलं. ताई म्हणती, मला कळल्यालं न्हाय. मला दुकानातच कळलं. तवापासनं रोज सांगीन म्हणतोय, पर तोंड उघडत न्हाय. पोर माझ्या मांडीवर हुती आन मला तिला धराय आलं न्हाय. राच्याला त्येच डोळ्याम्होरं येतंय.

तू पोरीच्या काळजीनं बोललास, त्याचा मला राग न्हाय. पर गल्लीत बोललास. आता आलास की त्याच गल्लीत, विठाबाईच्या म्होरं, ताईला म्हण की तुझं काय चुकलं न्हवतं. मला काय बोलायचं आसंल त्ये बी तिथंच बोल. मी हुभा ऱ्हाऊन ऐकीन. डाक्टरकडं न्यायचं आसलं तर चल, येतो.

सोमशेखरला उगच शिव्या दिल्या. आता हे पत्र टाकाय जाताना त्याच्या दुकानात जाऊन त्याला सांगणार हाय, त्याची गिऱ्हाइकं आसतानाच.

ताईनं खाली जी सही केलती, ती मी खोडलीया. खोट्या सहीचं पत्र मी टपालात टाकत न्हाय. सही मी करतो.

तेल लावणारा,
तुझा बाप